सुतक न पाळल्याचा दाखला

पहिली चूक अस्मादिकांची. ती आधीच कबूल केलेली बरी, कारण पुढं या गोष्टीत कबुली देणारं दुसरं कोणी भेटणार नाही. १९७५ सालच्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या नलूनं नागपूरच्या ढोरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजचा फॉर्म आणला आणि अक्षर चांगलं म्हणून आमच्याकडं भरायला दिला. पवनारात आमच्या अक्षराची ख्याती होती. अकलेची नव्हती, पण फॉर्मला अक्षर पुरतं असा तेव्हा समज होता. नाव, गाव, जन्मतारीख सगळं झोकात उतरलं. मग आला जातीचा रकाना. नलूचे वडील किसनराव कुणबी, आई शरयूबाई ब्राह्मण. रकाना एक आणि जाती दोन. आम्ही डोकं चालवलं, मधे एक बारीक आडवी रेघ ओढली आणि लिहून टाकलं, 'कुणबी-ब्राह्मण'. कॉलेजवाल्यांचा गोंधळ नको म्हणून खाली 'निम्मे निम्मे' असा खुलासाही केला.

आठ दिवसांत फॉर्म परत आला. तांबड्या शाईत शेरा होता की अशी जात यादीत नाही, एकच जात लिहावी आणि दाखला जोडावा.

नलूनं तो कागद आमच्या नाकासमोर धरला. "निम्मं निम्मं लिहाले मी काय चहा आहो का रे?" एवढंच म्हणाली. पण त्यानंतर तिनं आमच्या हाती कोणताच कागद दिला नाही.

नलू तेव्हा अठरा वर्षांची होती. काटकुळी, लांब ढांगा टाकत चालणारी, आणि माणसांपेक्षा ढोरांशी जास्त बोलणारी. पोट फुगलेलं वासरू असो की चारा टाकलेली म्हैस, पवनारातले लोक वर्ध्याच्या डॉक्टरला निरोप धाडायचे आणि तो येईपर्यंत नलूला बोलवायचे. पुष्कळदा डॉक्टर यायच्या आत काम झालेलं असायचं आणि तो चहा पिऊन परत जायचा. तेव्हा ढोरांची डॉक्टर व्हायचं हे तिचं वेड नव्हतं, तिच्या लेखी तो नुसता राहिलेला सोपस्कार होता. मार्क चांगले होते, पण खुल्या यादीला थोडे कमी पडत होते. मागासवर्गाच्या राखीव जागेत मात्र नाव नक्की लागणार होतं. फक्त बापाच्या जातीचा दाखला पाहिजे होता.

कोणत्याही घरात ही चार दिवसांची धावपळ. नलूच्या घरात तसं नव्हतं, कारण किसनराव भला माणूस होता. पवनारच्या शाळेत मास्तर, अंगात खादी, आणि जातपात मोडायची तर आपल्या घरापासून, असं मानणारा. पोरीचं नाव शाळेत घालताना त्यानं दाखल-खारीज रजिस्टरात जातीच्या जागी एक सरळ रेघ ओढली. पट्टी लावून ओढली. हेडमास्तरांनी विचारलं, तर म्हणाला की तिची ती मोठेपणी ठरवेल. मोठेपणी ठरवायची वेळ आली तेव्हा तो नव्हता. १९६९ च्या उन्हाळ्यात तीन दिवसांच्या तापात तो गेला.

तहसीलच्या बाबूनं रजिस्टरची ती नक्कल उलटीसुलटी करून पाहिली. मग सांगितलं की बापाच्या मूळ गावी जा, पोलीस पाटलाचं लिहून आण की ही पोर अमक्याची आणि अमका कुणबी. तेवढं पुरे.

मूळ गाव हिंगणघाट तालुक्यात, वडनेरला उतरून दीड कोस पायी. नाव सांगत नाही. आणि तिथले पोलीस पाटील बबनराव म्हणजे किसनरावांचे सख्खे थोरले भाऊ. नात्यानं नलूचे मोठे बाबा. तिनं त्यांना जन्मात एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

का नव्हतं, तेही सांगून टाकतो. १९५५ साली किसनरावानं शरयूबाईंशी लग्न केलं त्याच दिवशी बबनरावांनी त्याला घर बंद केलं. शरयूबाईंच्या वडिलांनीही, वर्ध्याला कोर्टात कारकून असलेल्या नानांनी, तेच केलं, पण ते गुपचूप केलं. ब्याऐंशी एकर कोरडवाहू शेत बापूजींच्या, म्हणजे नलूच्या आजोबांच्या नावावर होतं. ते वारल्यावर बबनरावांनी एकट्याचं नाव चढवून घेतलं. किसनराव भांडला नाही. मास्तराला शेत कशाला, म्हणाला. इथपर्यंत नलूचंही काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं होतं ते १९६९ च्या उन्हाळ्याबद्दल. बाप गेला तेव्हा पवनारचा एक माणूस निरोप घेऊन त्या गावी गेला. बबनराव बैलबंडी जुंपून हिंगणघाटच्या बाजाराला निघाले होते. त्यांनी निरोप ऐकला आणि बंडीवरूनच सांगितलं, आमाले सुतक लागत नाई. आणि बाजाराला गेले. निरोप्यानं हे परत येऊन जसंच्या तसं सांगितलं. बारा वर्षांची नलू दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं ते वाक्य जपून ठेवलं.

तरी ती गेली. दाखला पाहिजे होता.

बबनराव ओट्यावर खाटेवर बसले होते. बाजूला दोन-तीन माणसं होती. कोण वं तू, म्हणून त्यांनी विचारलं. किसनरावांची नलू, म्हणून तिनं सांगितलं.

"कोणता किसन?" बबनराव सावकाश म्हणाले. "किसन्या नावाचा एक बैल होता आमच्याकडे. तो त मागच्या पोळ्याले इकला."

बाजूची माणसं हसली. नलू हसली नाही, उठलीही नाही. फॉर्मची शेवटची तारीख सांगितली, तहसीलच्या बाबूनं काय मागितलं ते सांगितलं. बबनरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आत नजर टाकून पाणी मागवलं. त्यांची बायको रुख्माबाई पाण्याचा लोटा घेऊन आली, पोरीकडं एकदा पाहिलं आणि लोटा ठेवून आत गेली. मग बबनराव म्हणाले, "दाखला पाह्यजे ना तुले? बस. देतो."

जुन्या काळचे सातवी पास, त्यांना आपल्या लिहिण्याचा अभिमान होता. चष्मा लावून, दौत-टाक घेऊन त्यांनी पाऊण कागद लिहिला, वाळू दिला, शिक्का मारला, चार घड्या घातल्या आणि हातात दिला. नलूला वाटलं, बैलाचं बोलून मन निवलं असेल. तिनं वाकून नमस्कारसुद्धा केला. या नमस्काराचा तिला पुढं वर्षभर जितका राग आला तितका बैलाचाही आला नाही.

कागद तिनं बशीत उघडला. लिहिलं होतं: 'दाखला देतो की, मयत किसन यास सन १९५५ साली परजातीत लग्न केल्यावरून घरातून काढले असून त्याने आपला हिस्सा तेव्हाच सोडला आहे. त्याचा अगर त्याच्या वारसांचा आमच्या घराशी, शेतीशी व जातीशी काहीएक संबंध नाही. सदर इसम वारला तेव्हा आम्ही सुतकसुद्धा पाळलेले नाही. करिता दाखला दिला असे.'

खाली शेपूट ओढलेली सही, तारीख आणि पोलीस पाटलाचा गोल शिक्का.

बस पवनारला लागेपर्यंत नलूनं तो चार वेळा वाचला. घरी आल्यावर शरयूबाई म्हणाल्या की जाळ तो, चुलीत घाल. नलूनं तो जाळला नाही. बापाच्या धोतरांच्या घडीखाली, पेटीच्या तळाशी ठेवला. का ठेवला, हे तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. त्या वर्षी नाव लागलं नाही. वर्ध्याच्या कॉलेजात तिनं बी. एस्सी. ला नाव घातलं आणि बेडकांची पोटं फाडू लागली. प्रत्येक बेडकाला ती एकाच नावानं हाक मारायची, असं तिच्या वर्गातल्या पोरी सांगत.

सात-आठ महिने गेले. आणीबाणीचे दिवस होते आणि त्यांच्यासोबत आलं जमिनीचं सिलिंग. कोरडवाहू चोपन्न एकरांवर एका कुटुंबाला ठेवता येणार नाही, वरचं सरकारजमा. मोठमोठ्या वाड्यांतून आजवर न दिसलेले भाऊ, पुतणे, विभक्त सुना एकाएकी दिसू लागल्या. मेलेली माणसं हिशेबापुरती उठून बसली. आणि १९७६ च्या फेब्रुवारीत एके सकाळी पवनारच्या मास्तराच्या घरासमोर बबनराव उभे राहिले. खांद्यावर तुरीच्या डाळीची थैली.

शरयूबाईंनी त्यांना पाट दिला. वीस वर्षांत पहिल्यांदा दीर दारी आलेला. काय बोलावं हे न कळून त्या चहा ठेवायला गेल्या. बबनराव मात्र बोलायचं ठरवूनच आले होते. किसन आपला लहाना भाऊ, रक्त एक, रागात माणूस काय नाही बोलत. मग मुद्द्यावर आले. सिलिंगच्या साहेबासमोर तारीख आहे. अर्धं शेत, एक्केचाळीस एकर, किसनच्या वारसांचं आहे, आपण कधी वेगळे झालोच नाही, एवढं नलूनं येऊन सांगायचं. दोघांचे एक्केचाळीस-एक्केचाळीस, म्हणजे दोघंही चोपन्नाच्या आत. अठ्ठावीस एकर वाचतात. सगळं मिटलं की नलूनं एक हक्कसोड लिहून द्यायची, आणि शेत जिथल्या तिथं.

"अन् माझं?" नलूनं विचारलं.

"तुले दाखला पाह्यजे होता ना पोरी? साहेबासमोर सांगतो, किसनची पोर म्हणून. सही करून देतो."

ते गेल्यावर शरयूबाईंनी चहाचे कप विसळून पालथे घातले. मग म्हणाल्या, "घे. शेत नको आपल्याला, दाखला घे आणि जा नागपूरला. त्यांच्या तोंडाकडं पाहू नकोस." बाई व्यवहारी होती. मास्तराच्या मागं बालवाडी चालवून तिनं पोरीला वाढवलं होतं, आणि दुसऱ्याच्या स्वार्थातून आपलं काम होत असेल तर नाक मुरडायचं नाही, हे तिला कळत होतं. नलूनं होकारार्थी मान हलवली. डाळीची थैली तेवढी शेजारच्या गोठ्यात नेऊन म्हशीच्या आंबोणात ओतून आली. दाण्याला आई हात लावेल, ही तिला भीती होती.

रात्रभर जागली वगैरे काही नाही. तिनं आपलं ठरवून टाकलं होतं. अडचण एकच होती: क्रम. आधी बबनरावांचं बयान झालं पाहिजे. ती किसनची पोर, हे त्यांच्या तोंडून साहेबाच्या कागदावर उतरलं पाहिजे. तिनं आधी तोंड उघडलं तर बबनराव तिथल्या तिथं फिरतील, आणि दाखला पुन्हा गेला.

हिंगणघाटच्या कचेरीत सुनावणी होती. साहेब तरुण, नवा, बाहेरचा. बबनरावांनी वकील केलेला. सोबत रुख्माबाई, डोईवर पदर, कचेरीच्या भिंतीशी बसलेल्या. नलूला पाहून बबनराव पुढं झाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, चार लोकांत. नलूनं तो ठेवू दिला. "मोठे बाबा," ती म्हणाली, "तुमी बोला आधी. मले कचेरीची भीती वाटते." एवढी गोड ती ढोरांशीही बोलत नसे.

बबनराव बोलले, आणि झकास बोलले. किसन त्यांचा पाठचा भाऊ. दोघं एका ताटात जेवलेले. लग्नाचं थोडं मनाला लागलं, पण घर एकच, चूल एकच समजा साहेब, शेत कधी वाटलं नाही. साहेबानं विचारलं, ही मुलगी त्यांचीच कशावरून?

"साहेब, नाक पाहा ना तिचं," बबनराव म्हणाले. "आमच्या बापूजीचं नाक. किसनची पोर आहे ती, आमच्या कुणब्याचं रक्त."

हे शब्द कारकुनानं लिहून घेतले. वाचून दाखवले. बबनरावांनी खाली सही केली, तीच सही, तशीच खालून शेपूट ओढलेली.

मग नलूचं नाव पुकारलं. तिनं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. काकांनी नात्याबद्दल सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं, म्हणून सांगितलं. वकिलानं समाधानानं मान डोलावली. मग तिनं पिशवीतून घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "शेताबद्दल मला माहीत नाही साहेब. मी लहान होते. मोठ्या बाबांनी मागच्या वर्षी लिहून दिलेलं आहे, तेच खरं असेल."

साहेबानं कागद वाचला. आधी मनात, आणि मग, कदाचित विश्वास बसेना म्हणून, मोठ्यानं. हिस्सा सोडला आहे, इथं वकील उठून उभा राहिला. शेतीशी संबंध नाही, इथं तो बसला. 'सदर इसम वारला तेव्हा आम्ही सुतकसुद्धा पाळलेले नाही' हे वाक्य साहेबानं दोनदा वाचलं. कचेरीत दाटीवाटीनं बसलेले पन्नास-साठ शेतकरी होते, आपापल्या तारखांसाठी आलेले. खोटे भाऊ आणि खोटे पुतणे घेऊन आलेलेही त्यात होते. पण या वाक्यासरशी सगळे बबनरावांकडं वळून पाहू लागले. जमीन लपवणं कोणाला वाईट वाटत नव्हतं. मेलेल्या सख्ख्या भावाचं सुतक पाळलं नाही, आणि ते शिक्का मारून लिहून दिलं, हे त्यांनाही जड गेलं.

"ही सही तुमची?" साहेबानं विचारलं.

बबनरावांनी नलूकडं पाहिलं. ती समोरच उभी होती, बापूजींच्या नाकाची. "रागात लिहून देल्लं साहेब," ते म्हणाले.

"पोलीस पाटील रागात दाखले देतो?"

पुढच्या महिन्यात निकाल लागला. मुलगी किसनरावांचीच, हे काकाच्या कबुलीवरून सिद्ध. हिस्सा तिचा नाही, हे काकाच्याच लेखावरून सिद्ध. सबब ब्याऐंशी एकर एकट्या बबनरावांचे, अठ्ठावीस सरकारजमा. पोलीस पाटीलकीही वर्षभरात गेली. निकालाची नक्कल घेऊन नलू तहसीलमध्ये गेली, तोच बाबू, आणि पंधरा दिवसांत दाखला हातात. त्या जूनमध्ये तिनं फॉर्म स्वतः भरला. जातीच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. शरयूबाई तो फॉर्म हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. माझं कुठंच काही नाही का गं, म्हणाल्या. त्याला रकाना नाही, असं नलूनं सांगितलं, आणि त्या दिवशी ती आईशी फार बोलली नाही. आमची रेघ तेवढी वाईट नव्हती, असं अस्मादिकांना त्या दिवशी वाटून गेलं, पण जीव प्यारा असल्यानं ते बोलून दाखवलं नाही.

सुनावणीच्या दिवसाची एक गोष्ट राहिली. कचेरीतून बाहेर पडून नलू लिंबाखाली पोचली, तर मागून रुख्माबाई आल्या. बबनराव वकिलाशी भांडत आत होते. बाईंच्या हातात पितळेचा कडीचा डबा. नलूला वाटलं, आता शिव्या. ती तयार होती, उत्तरंही तयार होती.

"सांजोऱ्या आहेत," रुख्माबाई म्हणाल्या. "बयान देऊन आली की पोरीले देऊ म्हणून केल्त्या. घेऊन जा."

नलूला कळेना. आत काय झालं ते ऐकलं नाही का, म्हणून तिनं विचारलं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. अठ्ठावीस एकर म्हणजे किती, हे त्यांना नलूपेक्षा जास्त कळत होतं, त्या शेतात त्यांनी पंचवीस वर्षं निंदण केलं होतं.

"त्यायनं नाई पाळलं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "म्या पाळलं. धा दिवस. देवघरात गेली नाई, गोड खाल्लं नाई. कोणी विचारलं त उपास आहे म्हणत जाओ. किसनभाऊजीनं आपल्या लग्नाआधी मले वाचाले शिकवलं होतं." डबा नलूच्या हातात देऊन त्या वळल्या आणि भिंतीशी जिथं बसल्या होत्या तिथंच जाऊन बसल्या.

सांजोऱ्या नलूनं बशीत खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या. आधी हे कळलं असतं तर काय केलं असतंस, असं अस्मादिकांनी पुढं एकदा विचारलं. तेच केलं असतं, म्हणाली, फक्त मोठ्या बाबांच्या सहीनंतर थोडं थांबले असते, त्यांना आणखी जरा खूश होऊ दिलं असतं.

आता १९८३ साल. नलू एका तालुक्याच्या गावी ढोरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. खोलीत औषधांच्या बाटल्यांशेजारी फळीवर तो डबा असतो, घासून लख्ख. भांडं रिकामं परत करायचं नाही हे तिला कळतं, म्हणून दोनदा तिनं तिळाचे लाडू करून भरला. दोन्ही वेळा वडनेरच्या बशीत बसली, आणि दोन्ही वेळा हिंगणघाटच्या स्टँडवर त्या गावचा कोणीतरी भेटला. तिनं बबनरावांची तब्येत विचारली. ठणठणीत आहेत, ओट्यावरच बसून असतात, असं कळलं. ती पुढं गेली नाही. म्हातारा ओट्यावर आहे तोवर त्या घराची पायरी चढणार नाही, म्हणते, आणि त्याला घाई नाही तर मलाही नाही. लाडू दोन्ही वेळा आमच्या वाट्याला आले. परवाच त्या गावचा माणूस बैल दाखवायला घेऊन आला होता. त्यानं आपणहून सांगितलं की पाटलांचे दात अजून सगळे शाबूत आहेत. नलूनं बैलाला सुई टोचली, हात धुतले, आणि रुख्माबाई कशा आहेत म्हणून विचारलं. त्यांना हल्ली दिसत नाही म्हणे.

डबा अजून नलूकडंच आहे.